गोळी आणि लस: ड्यूकच्या ब्रेन ट्यूमर केंद्राची वाटचाल

नॉर्थ कॅरोलिनातले डरॅम हे तंबाखूचे गाव. सिगारेटच्या धंद्यात गबर झालेल्या ड्यूक घराण्याच्या देणगीतून १९२४ मध्ये तिथल्या जुन्या कॉलेजाचे विद्यापीठ झाले. त्याच विद्यापीठाचे इस्पितळ पुढे कर्करोगाच्या कामासाठी नावाजले. तंबाखूमुळे भरलेले आपल्याकडचे कर्करोग-वॉर्ड पाहिलेल्या माणसाला हा योग जरा जास्तच बोचतो.

१९३७ मध्ये बार्न्स वुडहॉल हे शल्यविशारद जॉन्स हॉपकिन्सहून इथे आले आणि मेंदूच्या गाठींवर स्वतंत्र काम सुरू झाले. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांत याची गणना होते. अडचण मात्र सगळीकडे एकच होती. ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा सर्वांत आक्रमक कर्करोग, दिसतो तेवढा कापून काढला तरी त्याच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी मेंदूत आधीच पसरलेल्या असतात. गाठ पुन्हा उगवते.

डॅरेल बिग्नर ड्यूकमध्येच डॉक्टर झाले आणि तिथेच त्यांनी रोगप्रतिकारशास्त्रात पीएचडी केली. १९९० च्या सुमारास त्यांनी हॉपकिन्सच्या अल्बर्ट वाँग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांच्यासोबत एक खूण हेरली. या गाठींपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश गाठींत ईजीएफआर नावाच्या प्रथिनाचा मोठा तुकडा गळालेला असतो. तुटलेली टोके जिथे जुळतात, तिथली रचना निरोगी पेशीत सापडत नाही. तेवढाच सांधा उचलून, सागरी गोगलगायीच्या रक्तातल्या प्रथिनाला जोडून लस तयार झाली. तिचे नाव रिंडोपेपिमट. जॉन सॅम्पसन हे शल्यविशारद तिच्या चाचण्यांत पुढे होते.

इतक्यात, २००५ मध्ये, रॉजर स्टुप यांच्या चाचणीने उपचारांचा नवा पायंडा पडला: शस्त्रक्रिया, मग सहा आठवडे शेक, म्हणजे किरणोपचार, आणि त्याच्या जोडीने टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. नुसत्या शेकाने सरासरी आयुष्य १२.१ महिने होते, ते १४.६ झाले. फायदा लहान पण खरा. हे उपचार टाळून रुग्णाला केवळ लस देणे आता शक्य नव्हते. पण गोळी रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, मारते, आणि लसीचे सारे काम त्यांच्याच जिवावर चालते. मग दोन्ही एकत्र कशी द्यायची?

ड्यूकच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथे आहे. २२ रुग्णांच्या एका लहान चाचणीत काहींना नेहमीप्रमाणे २८ दिवसांतले पाच दिवस गोळ्या दिल्या, काहींना कमी मात्रेने पण सलग एकवीस दिवस. दुसऱ्या गटाच्या लिम्फोसाइट फारच घसरल्या. लस वाया जाईल अशी भीती होती, पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल उलटा निघाला: याच गटात लसीचा प्रतिसाद जास्त जोरकस होता. विरळणी केलेल्या वाफ्यात उरलेली रोपे जोम धरतात, तशा लसीने तयार केलेल्या पेशी रिकाम्या जागेत फोफावतात. शत्रू वाटणारी गोळीच, वेळ साधली तर, सोबती होऊ शकते.

दरम्यान केंद्राकडे नाव आणि पैसा दोन्ही आले. २००५ मध्ये प्रेस्टन रॉबर्ट टिश यांच्या कुटुंबाने एक कोटी डॉलर दिले; टिश स्वतः ब्रेन ट्यूमरचे रुग्ण होते आणि त्याच वर्षी वारले. २००८ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडींवर इथेच अ‍ॅलन फ्रीडमन यांनी शस्त्रक्रिया केली.

२०१६ मध्ये मात्र मोठा फटका बसला. ७४५ रुग्णांच्या जागतिक चाचणीत रिंडोपेपिमट टेमोझोलोमाइडसोबत दिली, आणि मुख्य गटात सरासरी आयुष्य निघाले २०.१ महिने, लस न घेतलेल्यांत २०.०. परतलेल्या बऱ्याच गाठींत ती खूण उरलीच नव्हती, आणि तेही लस घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही गटांत. एकाच खुणेवर सगळा डाव लावणे महाग पडले.

लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र केंद्राचा दुसरा प्रयोग, पोलिओचा. ड्यूकच्याच माथियास ग्रोमायर यांनी साबिन लसीतला विषाणू, म्हणजे पल्स पोलिओच्या थेंबांतला, घेऊन त्यात सर्दीच्या विषाणूचा एक तुकडा बसवला. चेतापेशींना इजा करण्याची ताकद गेली, कर्करोगाच्या पेशीत शिरण्याची राहिली. कवटीला भोक पाडून बारीक नळी थेट गाठीत सोडायची आणि तासाला अर्धा मिलिलिटर या वेगाने साडेसहा तास द्रव झिरपू द्यायचा. मग शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूमागोमाग गाठीवर तुटून पडते. त्या सुजेनेच काही रुग्ण बेजार झाले आणि डोस खाली आणावा लागला. गाठ उलटलेल्या ६१ जणांपैकी २१ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. जुन्या नोंदींमधल्या तशाच रुग्णांत हे प्रमाण ४ टक्के. तुलना जुन्या नोंदींशी आहे, समोरासमोरच्या गटाशी नाही, हे टीव्हीवरच्या कौतुकात हरवले.

पोलिओच्या चाचणीचे हे निकाल २०१८ मध्ये आले; त्याच वर्षी ड्यूकमधल्या पीटर फेची यांच्या गटाने आणखी एक कोडे उलगडले. केमो किंवा स्टेरॉईड सुरू होण्याआधीच या रुग्णांच्या रक्तात टी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या लिम्फोसाइट, इतक्या कमी का असतात? त्या मेलेल्या नसतात, हाडांतल्या मगजात अडकून पडलेल्या असतात. बाहेर पडायला लागणारा रिसेप्टर त्यांच्या पृष्ठभागावरून नाहीसा झालेला असतो. म्हणजे लस कितीही चांगली असो, फौज बराकीतच कोंडलेली. उंदरांमध्ये तो रिसेप्टर टिकवून धरल्यावर पेशी बाहेर आल्या आणि इम्युनोथेरपीचा परिणामही वाढला. माणसांत हे कसे साधायचे, हा त्यापुढचा प्रश्न. नव्या रुग्णाचे नेहमीचे उपचार अजून शस्त्रक्रिया, शेक आणि टेमोझोलोमाइड हेच आहेत. लस मिळते ती सहसा चाचणीत नाव नोंदवले तरच.