काणीला चार नावं, छत्रीला एकच

ज्वारीवर येणाऱ्या काणी रोगाला मराठीत चार नावं आहेत: दाणे काणी, मोकळी काणी, झिपरी काणी, लांब काणी. कणसातल्या दाण्यांच्या जागी काळी भुकटी भरते, की सगळ्या कणसाच्याच झिपऱ्या होतात, यावरून ती पडली. आता धाराशिवकडच्या एखाद्या परसात या. पहिले दोन पाऊस झाले की शेणखताच्या ढिगावर, लिंबाच्या आळ्यात, कुंडीत काहीबाही उगवतं. पांढरं, पिवळं, राखाडी, बटणाएवढं किंवा ताटलीएवढं. त्या सगळ्याला नाव एकच: कुत्र्याची छत्री.

काणीही बुरशी आणि छत्रीही बुरशीच. मग हा फरक का? माझ्या मते याचं उत्तर इतिहासात आहे.

माणूस नाव देतो ते गरजेपोटी. विदर्भात टेकोडे, सात्या आणि कोकणात अळंबी अशी नावं टिकली, कारण तिथे ती आवडीने खाल्ली जातात. आपल्याकडे पोट ज्वारीवर चालायचं, म्हणून नावं ज्वारीच्या रोगांना मिळाली.

सरकारचंही तसंच होतं. 1905 मध्ये बिहारमधल्या पुसा इथे इंग्रज सरकारची शेती संशोधन संस्था उभी राहिली आणि एडविन जॉन बटलर तिथे बुरशीशास्त्राचं काम पाहू लागले. पगार शेतीखात्याचा, त्यामुळे प्रश्नही शेतीचेच: तांबेरा, काणी, मर. 1918 मध्ये जी. एस. कुलकर्णी यांची मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काणीवरची पुस्तिका याच संस्थेने छापली. श्रीपाद लक्ष्मण आजरेकर यांनीही ज्वारीच्या रोगांवर काम केलं. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरशींचा जो संग्रह आहे, त्याला आजरेकरांचंच नाव आहे.

त्यात आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे ‘मुंबई इलाखा’ असं शीर्षक असलेल्या पुस्तिकेची हद्द आपल्या अलीकडेच संपायची. पुढे 1980 मध्ये पुण्यातूनच छत्र्यांवरचा एक महत्त्वाचा ग्रंथ निघाला, पण त्याच्या नावातच ‘नैऋत्य भारत’ आहे. बालाघाटाच्या माथ्यावरचा आपला कोरडा पट्टा त्या नावात बसत नाही.

म्हणून परसात काढलेल्या फोटोला मोल आहे. हे फक्त भावनेने म्हणत नाही, त्याला जुना दाखला आहे. कुंडीतल्या ओल्या मातीत लिंबासारखी पिवळीधमक, नाजूक छत्री कधी दिसली असेल. तिचं नाव ल्युकोकोप्रायनस बर्नबाउमी. ही उष्ण प्रदेशातली बुरशी, पण तिचं पहिलं चित्र छापलं इंग्लंडमध्ये! 1788 मध्ये जेम्स बोल्टन यांनी हॅलिफॅक्स भागातल्या बुरशींवरच्या पुस्तकात ती रंगवली. ती उगवली होती तिथल्या काचघरात. 1839 मध्ये कोर्दा यांनी प्रागमधल्या काचघरातल्या नमुन्यावरून तिच्या आजच्या नावातला ‘बर्नबाउमी’ हा भाग दिला. म्हणजे जिची पैदास आपल्यासारख्या उष्ण हवेतली, तिची नोंद थंड देशातल्या बागेत झाली. कारण सोपं आहे: तिथे कुणीतरी थांबून पाहिलं आणि चित्र काढलं. ही छत्री सडलेल्या पाल्यावर जगते, झाडाला काही करत नाही. उपटून फेकायची गरज नाही, पण खायचीही नाही.

आता फोटो कसा काढायचा? वरून काढलेल्या एका फोटोवरून नाव सांगणं बहुतेक वेळा अशक्य असतं. निदान चार घ्या: वरून, बाजूने, छत्रीखालच्या चुण्यांचा आणि उकरून काढलेल्या बुडख्याचा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. तारीख, गाव आणि ती कशावर उगवली (शेणखत, लाकूड, वारूळ) हे लिहून ठेवा. मग टोपी कापून पांढऱ्या कागदावर पालथी घाला, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा ठसा मिळतो.

या ठशाचं महत्त्व सांगायलाच हवं. गवतात उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस दिसायला पांढरीशुभ्र आणि अगदी खाण्यालायक वाटते, पण तिचा ठसा हिरवट पडतो. खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण होतो. मात्र ठसा हिरवा नाही म्हणजे छत्री खायला चालते, असा अर्थ कुणी काढू नये. फोटो ओळखीसाठी आहे, भाजीसाठी नाही.

नमुना सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला तर आणखी उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो सडतो. फोटो वाटेल तितके जपा, पण नवीन जात आहे की नाही याचा निकाल शेवटी वाळलेल्या नमुन्यावर आणि सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो.

काणीला चार नावं पडली कारण कुणीतरी रानात ती निरखून पाहिली होती. परसातल्या छत्र्यांच्या बाबतीत ते निरखणं अजून व्हायचंय. यंदाच्या पावसाळ्यात सुरुवात करता येईल.