झुकलेला बुरूज आणि माझे फोटो

'निरीक्षण' आणि 'अनुमान' यांतला फरक आपण पेट परीक्षेसाठी पाठ करतो. मला तो नीट कळला वेल्समधल्या केअरफिलीच्या पडक्या किल्ल्यात.

आधी थोडा इतिहास. गिल्बर्ट डी क्लेअर या अँग्लो-नॉर्मन सरदाराने १२६८ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. वेल्सचा राजपुत्र लेवेलिन अप ग्रिफिद दक्षिणेकडे सरकत होता, त्याला रोखायचं होतं. १२७० मध्ये लेवेलिनने अर्धवट बांधकामावर हल्लाही केला. तरी काम पूर्ण झालं: एका तटाच्या आत दुसरा तट आणि बाहेर बांध घालून अडवलेलं पाणी.

आज सगळ्यांचे कॅमेरे वळतात ते आग्नेयेच्या बुरुजाकडे. तो साधारण १० अंश झुकलाय, म्हणजे पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त! मीही चारी बाजूंनी फोटो काढले. घरी येऊन त्यांवरून कोन मोजायला बसले, तर प्रत्येक फोटोत उत्तर वेगळं. बुरूज ज्या दिशेला झुकलाय तिथूनच काढलेल्या फोटोत तो जवळजवळ सरळ! विचार केल्यावर कारण कळलं. फोटोत तीन मिती दोन मितींत सपाट होतात, त्यामुळे आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर असलेला झुकाव दिसत नाही. त्यात मी कॅमेरा वर करून धरला होता, म्हणून उभ्या रेषाही तिरक्या झाल्या. मी कुठे उभी होते, कॅमेरा कसा धरला होता, काहीच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणजे शेकडो फोटो असूनही मोजमापासाठी डेटा शून्य.

बरं, बुरूज झुकला कशामुळे? जुनी गोष्ट अशी की सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात तो सुरुंगाने उडवायचा प्रयत्न झाला. दुसरं स्पष्टीकरण, खालची जमीन खचली. माझा फोटो दोन्हींना सारखाच 'पुरावा' ठरतो! बुरूज झुकलाय एवढंच तो सांगतो, का ते नाही.

आणि 'केव्हा' तेही नाही. माझा सगळ्यात आवडता फोटो पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबाचा. प्रेझेंटेशनमध्ये त्याखाली मी बिनधास्त 'तेरावं शतक' लिहिलं होतं. नंतर वाचलं, की चौथ्या मार्क्वेस ऑफ ब्यूटने १९२८ ते १९३९ या काळात किल्ल्याची मोठी डागडुजी केली आणि कोरडे पडलेले तलाव १९५० च्या दशकात पुन्हा भरले. म्हणजे त्या एका चौकटीत तेरावं आणि विसावं शतक शेजारी शेजारी आहेत. स्लाइड बदलावी लागली. लाज वाटली, पण व्हायव्हाच्या आधी कळलं हे बरं झालं.

तेव्हा तुमच्या हातात फोटो असो, ग्राफ असो की सीनियरने दिलेली एक्सेल फाइल, तीन प्रश्न आधी विचारा. हे कुठून पाहिलंय? मधल्या काळात याला कोणी हात लावलाय? आणि यात दिसतंय किती, मी त्यात भरतेय किती?

उत्तरं त्याच दिवशी वहीत लिहा. माझ्यासारखं घरी येऊन आठवत बसू नका!