बेचव लघवीचे कोडे

पूर्वीचे वैद्य रुग्णाची लघवी चाखून पाहत, असे वर्गात सांगितले की मुले नाके मुरडतात. पण एका आजाराचे नावच या चवीवरून पडले आहे. १६७४ साली इंग्लंडमध्ये थॉमस विलिसने मधुमेहींची लघवी मधासारखी गोड असते असे लिहिले. (आयुर्वेदाला हे कितीतरी आधी ठाऊक होते. 'मधुमेह' हा शब्दच त्याची साक्ष देतो.) काही रुग्ण मात्र सारखे पाणी पीत, सारखी लघवी करत, पण तिला गोडी नसे. १७९४ मध्ये योहान पेटर फ्रांकने हा बिनसाखरेचा आजार वेगळा काढला. तो 'डायबेटिस इन्सिपिडस' म्हणून ओळखला गेला. इन्सिपिडस म्हणजे बेचव.

कारण कळायला आणखी शंभरावर वर्षे गेली. १९१२ मध्ये जर्मनीतल्या आल्फ्रेड फ्रांकने एका रुग्णाची हकिकत लिहिली. त्याच्या डोक्यात शिरलेली गोळी पियूषिका ग्रंथीपाशी अडकली होती आणि लघवी आवरत नव्हती. पुढच्याच वर्षी इटलीत फारिनी आणि जर्मनीत फॉन डेन फेल्डेन यांनी पियूषिकेच्या मागच्या भागाचा अर्क टोचून पाहिला, आणि लघवी कमी झाली! गंमत अशी, की प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे तोवर हा अर्क लघवी वाढवतो असाच समज होता. अर्कातले संप्रेरक म्हणजे व्हॅसोप्रेसिन. ते मूत्रपिंडाला पाणी परत शोषून घ्यायला लावते. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांना १९५५ चे नोबेल मिळाले.

मोठ्या माणसात निदानासाठी काही तास पाणी बंद ठेवतात आणि लघवी दाट होते का ते पाहतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळावर ही परीक्षा कशी करणार? एक किलोच्या बाळाने १०० मिलिलिटर पाणी गमावले, तर वजनाचा दहावा हिस्सा गेला. शिवाय त्याला तहान सांगता येत नाही. त्याची मूत्रपिंडे कच्ची असतात, म्हणून लघवी एरवीही पातळच असते. पातळ त्वचेतून पाणी उडून जाते, त्यामुळे रक्तातले सोडियम याही कारणाने चढते. म्हणजे खुणा त्याच, आजार असो वा नसो.

मग उरतो चिकाटीचा मार्ग. लंगोट वजन करायचे, बाळाचे वजन करायचे, रक्त आणि लघवी एकाच वेळी तपासायची. रक्त दाटले, पाणी भरून दिले, तरी भरपूर पातळ लघवी चालूच राहिली, तर शंका बळावते. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर अधिकच. तेव्हा डेस्मोप्रेसिन या कृत्रिम संप्रेरकाची अगदी थोडी मात्रा देतात. लघवी दाटली तर संप्रेरकच कमी पडत होते. न दाटली तर मूत्रपिंड त्याला दाद देत नाही, किंवा अजून पुरते तयार झालेले नाही. मात्रा जरा जास्त झाली आणि पाणी तसेच चालू राहिले, तर सोडियम झपाट्याने उतरून बाळाला झटके येतात.

'डायबेटिस' या शब्दाने घोटाळाही केला. साखरेचा आजार समजून रुग्णांना हवे ते औषध न मिळाल्याचे प्रकार घडले. म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नवी नावे सुचवली: व्हॅसोप्रेसिनची कमतरता, आणि व्हॅसोप्रेसिनला विरोध.