तीस वर्षे न आलेले जहाज

कुंभकोणम्‌जवळच्या चोळपुरम्‌हून कावेरीच्या कालव्यांच्या कडेकडेने पूर्वेस निघाले, की भातखाचरांचा मुलूख ओलांडून आपण तरंगमबाडीच्या समुद्रकिनाऱ्यास पोचतो. तेथे डॅनिश व्यापाऱ्यांचा डान्सबोर्ग किल्ला अद्याप उभा आहे. मुख्य कचेरीपासून दूर पडलेल्या शाखेचे काय होते, हे जाणू इच्छिणाऱ्याने तो अवश्य पाहावा.

कोपनहेगन येथे 1616 साली डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार होऊन, दरसाल ठराविक रक्कम देण्याच्या बोलीवर, तिला हे बंदर मिळाले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत. एका पत्राचे उत्तर यावयास वर्षाहून अधिक काळ लोटे. पुढे तर उत्तरच येईनासे झाले. 1639 साली डेन्मार्कहून एक जहाज निघाले. त्यानंतरचे जहाज तरंगमबाडीस लागले, ते 1669 साली! युद्धांनी तो देश जेरीस आला होता, आणि 1650 साली कंपनीच मोडीत निघाली होती.

इकडे किल्ल्यातील माणसांनी 1648 साली आपल्याच प्रमुखाला, विलेम लायेल यास, पदच्युत केले. 1655 नंतर एस्किल्ड कोंग्सबाक्के हा सामान्य दर्जाचा मनुष्य कारभारी झाला. त्याने नायकाशी तडजोड केली, गावाभोवती कोट बांधला आणि मायदेशाचे निशाण फडकत ठेवले. 1669 साली आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यालाच पदावर कायम केले.

ही निष्ठा खरीच. परंतु तिचा खर्च कोणी सोसला? बंगालच्या उपसागरातील जहाजे पकडून, विकून हा पैसा उभा राहिला होता. ज्यांचा माल गेला, त्यांनी दाद मागावी कोठे? कोपनहेगनला तर आपली वखार शिल्लक राहिली एवढेच दिसले.

याच मुलुखात थोड्याच वर्षांनी विजापूरकरांचे सरदार व्यंकोजीराजे भोसले फौजेसह आले आणि 1675 च्या सुमारास तंजावरचे स्वतंत्र राजे झाले. दूरच्या धन्याचा धाक ओसरला, की सेवक एक तर त्या भूमीचा होतो, नाही तर धन्याच्या नावाने मनास येईल ते करतो.

आज परदेशातील शाखेला क्षणात निरोप जातो. तरीही सरकारी कचेरीत वर्षे काढलेल्या मला असे वाटते, की अंतर कोसांनी मोजू नये. वरिष्ठ केवळ शिल्लक पाहतात आणि ती कशी जमली हे विचारीत नाहीत, तेव्हा शेजारच्या खोलीतील शाखाही तरंगमबाडीइतकीच दूर असते.