सिद्दीकी, इक्बाल

(२६ डिसेंबर १९७४ – ). भारतीय क्रिकेटपटू. जन्म औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे. उजव्या हाताचे मध्यमगती गोलंदाज. रणजी स्पर्धेत प्रामुख्याने महाराष्ट्राकडून आणि काही काळ हैदराबादकडूनही खेळले. औरंगाबादच्या गुलमंडी-पैठणगेट भागात क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की आजही येणारे हे नाव.

डिसेंबर २००१ मध्ये मोहाली येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर यांचेही पदार्पण याच सामन्यातले. मराठवाड्याच्या क्रिकेटसाठी असा योग विरळाच. अनिल कुंबळेने इंग्लंडच्या दुसऱ्या डावात ६ बळी घेतल्यावर भारतासमोर अवघ्या ५ धावांचे लक्ष्य उरले. तेव्हा नेहमीचा सलामीवीर न पाठवता सिद्दीकींना दीप दासगुप्तासोबत डाव सुरू करायला धाडण्यात आले आणि पाचही धावा त्यांनीच काढल्या. या कसोटीत त्यांच्या एकूण २९ धावा झाल्या, बळी मात्र एकच. गोलंदाज म्हणून निवडलेल्याचा हा हिशेब जरा गमतीचाच. त्यानंतर त्यांना पुन्हा कसोटी मिळाली नाही. बांगर यांनी मात्र १२ कसोटी सामने खेळले. २००२ मध्ये नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद शतक ठोकले आणि पुढे ते भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षकही झाले.