संप की बंड? १९४६ च्या आरमारी खलाशांची पुढली वर्षे



मी इतिहासाचा पंडित नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. तेव्हा १९४६ च्या आरमारी उठावाकडे मी पाहतो ते कामगार चळवळीतल्या माणसाच्या नजरेने, हे आधीच सांगून टाकतो. सरकारी दप्तरात या घटनेला ‘बंड’ म्हटले आहे. खलाशी तिला ‘संप’ म्हणत. त्यांनी निवडलेल्या समितीचे नावही मध्यवर्ती संप समिती असेच होते. शब्दाचा हा वाद विद्वानांना किरकोळ वाटेल. पण त्या पोरांच्या पुढल्या सबंध आयुष्याचा निकाल या एका शब्दावर लागला.

पोरे म्हणतो ते जाणूनबुजून. त्यांतले पुष्कळजण विशी-बाविशीचे होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी आरमारात दोन हजारांच्या आतबाहेर माणसे होती. युद्ध संपताना ती संख्या तीस हजारांच्या घरात गेली. पूर्वीची भरती बरीचशी आपल्या रत्नागिरीकडच्या दर्यावर्दी मुसलमान घराण्यांतून होई. आता बिनतारी यंत्रे चालवायला शिकलेली मुले हवी होती, म्हणून पंजाब, बंगाल, मद्रास अशा सगळ्या प्रांतांतून ती गोळा केली. चांगला पगार, चांगले जेवण, पुढे नोकरीची सोय, अशी आश्वासने होती. मुले आली आणि लढलीही. १९४२ च्या नोव्हेंबरात ‘बेंगाल’ या चिमुकल्या जहाजाने दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यांतले एक बुडाले. १९४५ साली आराकानच्या किनाऱ्यावर हिंदी जहाजांच्या तोफा धडधडत होत्या.

युद्ध संपले. मग हाती काय आले? भातात खडे, गोऱ्या खलाशाच्या मानाने तुटपुंजा पगार, घरी पाठवण्याला दिरंगाई, आणि वर शिव्या. कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशशाळेत कमांडर किंग याने खलाशांना आईबापांवरून शिव्या घातल्या. त्याची तक्रार झाली, पण तिची दाद वेळेवर लागली नाही. तिथलाच एक बिनतारी खलाशी बलाईचंद्र दत्त हा भिंतीवर ‘जयहिंद’ लिहितो म्हणून आधीच अटकेत होता. १८ फेब्रुवारीला ‘तलवार’च्या खलाशांनी जेवणही नाकारले आणि कामही. आमच्या गिरणीतले किती संप नेमके असेच सुरू झाले! कॅन्टीनमधला चहा हे निमित्त असते. खदखद कित्येक वर्षांची असते.

पुढचे पाच दिवस पुष्कळांनी वर्णिले आहेत, म्हणून मी ते भरभर सांगतो. अठ्ठ्याहत्तर जहाजे, वीस ठाणी, सुमारे वीस हजार खलाशी. समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. मागण्या जेवणापासून सुरू झाल्या आणि आझाद हिंद सैनिकांच्या सुटकेपर्यंत, इंडोनेशियातून हिंदी फौज परत आणण्यापर्यंत पोचल्या. २१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला, आणि अॅडमिरल गॉडफ्रे याने सारे आरमार नष्ट झाले तरी बेहत्तर अशी धमकी रेडिओवरून दिली. २२ तारखेला मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वेची वर्कशॉपे बंद पडली. काँग्रेसचा हरताळाला विरोध होता, तरी लाखो कामगार रस्त्यावर उतरले. सरकारी आकड्याप्रमाणे दोनशे अठ्ठावीस नागरिक ठार झाले. परळच्या कमल दोंदे त्यांत होत्या. या खलाशांशी आमच्या कामगारवस्तीचे नाते असे रक्ताचे आहे.

आता मला ज्यावर बोलायचे आहे तिथे आलो. २३ तारखेच्या सकाळी खलाशांनी शरणागती पत्करली. सरदार पटेलांनी आणि जीनांनी त्यांना तसा सल्ला दिला होता, आणि कोणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी काँग्रेस शक्य ते करील असे पटेलांनी सांगितले होते. सल्ला चूक की बरोबर यावर आजही वाद घालता येईल. माझे म्हणणे एवढेच की, संप मिटवताना आम्ही कामगार जे कलम सगळ्यांत आधी लिहून घेतो, म्हणजे ‘संपात भाग घेतला म्हणून कोणालाही कामावरून काढणार नाही’, ते इथे कोणाच्याही सहीने कागदावर आले नाही. तोंडी भरवशावर माणसे शस्त्र खाली ठेवून परत गेली. शेकडोंना पकडून मुलुंडच्या छावणीत डांबले, आणि सुमारे पावणेपाचशे जणांना बडतर्फ करून घरचा रस्ता दाखवला. सर फजल अली यांच्या चौकशी आयोगाने त्यांच्या पुष्कळशा तक्रारी खऱ्या धरल्या, पण ज्यांच्या तक्रारी त्यांना परत घ्यावे हे काही झाले नाही. स्वराज्य आले, आणि एका आरमाराची दोन झाली. दोन्हींपैकी एकानेही या माणसांना परत घेतले नाही. आझाद हिंदच्या सैनिकांनाही आपल्या फौजेत पुन्हा जागा मिळाली नाही. राज्य कोणाचेही असो, हुकूम मोडणारा शिपाई कोणत्याच सरकारला नको असतो.

दत्तांचे त्यातल्या त्यात बरे झाले. ते ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये बातमीदार झाले, पुढे जाहिरातीच्या धंद्यात गेले, आणि १९७१ साली त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत छापल्या. ज्यांना लिहिता आले नाही त्यांचे काय?

असे एक गृहस्थ आमच्या कचेरीत १९९४ च्या सुमारास येऊन बसत. एका खाजगी कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढून निवृत्त झाले होते. ग्रॅच्युइटीचे काही अडले होते म्हणून आले, आणि मग चहाला येऊ लागले. त्यांना आम्ही काका म्हणत असू. आराकानच्या मोहिमेत ते बिनतारी खलाशी होते, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले. रात्रीच्या अंधारात खाडीत शिरताना यंत्रावर बसून किनाऱ्यावरचे संदेश कसे टिपायचे, हे ते टेबलावर बोटाने टकटक करून दाखवीत. फेब्रुवारीतल्या पाच दिवसांबद्दल फारसे बोलत नसत. ते पाच दिवस लोक विचारतात, म्हणाले. समुद्रावरची तीन वर्षे कोणी विचारीत नाही, आणि नंतरची चाळीस तर नाहीच नाही.

ती चाळीस वर्षे अशी गेली. सुटून आल्यावर नोकरीच्या अर्जात ‘मागील नोकरी’ या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न पडला. खरे लिहिले तेव्हा दोनदा नकार आला. मग आरमारातली वर्षे गावी शेतीत घालवली असे लिहिले आणि हाताखालचा मदतनीस म्हणून लागले. बिनतारी यंत्राचे सगळे शिक्षण त्या दिवशी मातीत गेले. बायकोला ठाऊक होते, मुलांना नव्हते. आमच्याच युनियनच्या संपांत ते नेहमी मागच्या रांगेत उभे असत. कमिटीवर या म्हटले की हसत. तेव्हा आम्हाला वाटे, माणूस भित्रा आहे.

१९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. आरमाराचा उठाव पुढे त्या यादीत आला. कुलाब्यात स्मारक उभे राहिले, आरमाराच्या दोन टगबोटींना मदन सिंग आणि दत्त यांची नावे मिळाली. हे सारे योग्यच झाले. आम्ही काकांना अर्ज भरायला बसवले. कचेरीने त्यांच्याकडे बडतर्फीचा मूळ हुकूम मागितला, नाहीतर छावणीतल्या सोबत्यांचे दाखले. हुकूम त्यांनी १९५० साली चुलीत घातला होता, कारखान्यातल्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून. सोबत्यांपैकी एकाचा पत्ता त्यांना ठाऊक होता, तो कराचीचा. दुसरा जालंधरकडचा, त्याला आम्ही तीन पत्रे घातली. तिसरे पत्र ‘मालक मयत’ असा शेरा घेऊन परत आले, आणि काकांनी तो लिफाफा घडी घालून खिशात ठेवला.