फरशीवर फरशी

जुन्या घरातली फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसवण्याची पद्धत. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत खाली बहुधा मोझेक असते. ती लादी वीस-पंचवीस मिलिमीटर जाड आणि तिच्याखाली मसाल्याचा जाड थर. ती फोडायची म्हणजे दिवसदिवस ठोकाठोक, जिन्याने गोण्यागोण्यांनी उतरणारा राडारोडा आणि खालच्या मजल्याशी वाकडेपणा. फरशीखालून गेलेली विजेची नळी फुटली तर ते काम वेगळेच.

नवी फरशी जुनीच्या भरवशावर उभी असते, म्हणून आधी तपासणी. गवंडी हातोडीच्या दांड्याने एकेक लादी ठोकतो. पक्की लादी टणक वाजते, सुटलेली बद्द. बद्द वाजली की खडूची फुली. फुलीच्या लाद्या काढून खड्डे मसाल्याने भरतात. मग वर्षानुवर्षांचे मेण आणि तेलकटपणा घासून काढतात, गुळगुळीत पृष्ठभागाला टोचे मारतात. घाईच्या कामात नेमके हेच वगळले जाते.

व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे नुसते सिमेंट तिला नीट धरत नाही. इथे पॉलिमरमिश्रित चिकटवणीच हवी. कारागीर तिला ‘केमिकल’ म्हणतात. तिच्यासाठी आयएस 15477 हे भारतीय मानक आहे. चिकटवणी दातेरी थापीने सरळ रेघांत पसरावी लागते. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून टाइल दाबली, तर खाली पोकळी राहते आणि पलंगाचा पाय नेमका तिच्यावर येतो. भिंतीलगत पाचेक मिलिमीटर फट सोडतात. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फट नसेल तर उष्णतेने फुगलेल्या टाइल्स एखाद्या दुपारी तंबूसारख्या वर उचलल्या जातात.

जमीन साधारण 12 ते 15 मिलिमीटर उंचावते. दारांना खालून रंधा मारावा लागतो. न्हाणीघरात हे प्रकरण नाजूक: तिथली जमीन खोलीपेक्षा खाली राहिली नाही, किंवा जाळीकडचा ढाळ बिघडला, तर पाणी थेट पॅसेजमध्ये येते. मुळात गळणाऱ्या न्हाणीघरात ही पद्धत वापरूच नये. गळती झाकली जाते, थांबत नाही.

दहा मिलिमीटरची टाइल आणि चिकटवणी मिळून दर चौरस मीटरला पंचवीस-तीस किलो वजन वाढते. दहा चौरस मीटरच्या खोलीत ते पावणेतीनशे किलोच्या घरात जाते. आरसीसी स्लॅब सुस्थितीत असेल तर सहसा अडचण येत नाही. लाकडी तुळयांच्या चाळीत मात्र संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय हात घालू नये.

खाली नक्षीदार सिमेंट टाइल निघाली तर झाकण्याआधी थांबावे. मुंबईत 1922 साली सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांनी अशा स्वदेशी टाइल्स घडवल्या. रंगाचा थर शाबूत असेल तर हलके घासून पॉलिश केल्यावर त्या पुन्हा उजळतात, आणि दारांना रंधाही लागत नाही.